सांगलीतून यूएसबी डोंगलवर जहाजांचे सिग्नल मिळतील का? एक पण मेसेज येत नाहीये

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी, आधी थोडं सांगतो म्हणजे प्रश्न नीट कळेल. माझा थोरला भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, सध्या बल्क कॅरियरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज), आणि पुढच्या महिन्यात त्यांचं जहाज कोळसा घेऊन जयगडला लागणार आहे. घरी आई रोज सकाळी जहाज कुठं आहे ते वेबसाइटवर बघते पण फुकटच्या साइटवर जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की ठिपका आहे तिथंच थांबतो, मग दोन-तीन दिवस घरात नुसती चर्चा. म्हणून मी वाचायला लागलो आणि कळलं की जहाज स्वतःच रेडिओवरून आपली जागा सांगत असतं, एआयएस म्हणतात त्याला, आणि यूएसबीचा छोटा डोंगल लावून ते आपल्याला पण ऐकता येतं.

डोंगल घेतला, निळ्या रंगाचा साधा वाला, आरटीएल२८३२यू चिपचा. विंडोजच्या लॅपटॉपवर झॅडिगनं ड्रायव्हर बसवला, एसडीआर शार्प हे रेडिओ ऐकायचं सॉफ्टवेअर चालू झालं, एफएम रेडिओ एकदम क्लिअर लागतो. मग जहाजांचे मेसेज उलगडणारं एआयएस-कॅचर टाकलं, ते पण विनातक्रार चालू होतं, १६२ मेगाहर्ट्झला बसतं, पण मेसेज शून्य. रात्रभर चालू ठेवलं तरी शून्य. अँटेना डब्यातून आलेली मॅग्नेटवाली छोटी, ती गच्चीवर पाण्याच्या टाकीवर ठेवलीय, घर दुमजली आहे आणि आजूबाजूला फार उंच बिल्डिंग पण नाही.

तर डोंगल खराब असेल का, का मोठी अँटेना घेतली तर काम होईल? बारा-पंधरा फुटी पाइपवर चढवायची तयारी आहे. आणि सांगलीतून होतच नसेल तर सातारा सांगली भागात कुठं जाऊन होईल ते सांगा, बाइक आहे, जायला तयार आहे.

अजिंक्यतारा_रेडिओ

डोंगल चांगला आहे मित्रा, एफएम क्लिअर लागतंय म्हणजे चिप, ट्यूनर, ड्रायव्हर सगळं जागेवर आहे, त्यामुळे परत पाठवायच्या भानगडीत पडू नको. अडचण जागेची आहे आणि ती पाइपानं सुटणारी नाही.

एआयएस चालतं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे व्हीएचएफ. हा सिग्नल शॉर्टवेव्हसारखा वरच्या थरावर आपटून लांब जात नाही, जवळपास सरळ रेषेत जातो, पृथ्वीचा गोलपणा आडवा आला की संपला. मोठ्या जहाजाचा सेट साडेबारा वॅटचा असतो, लहान बोटींचा दोन किंवा पाच वॅटचा, पण वॅट कितीही असू दे, मध्ये जमीन आली की काही उपयोग नाही. अंदाजासाठी सोपं गणित आहे: दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ नं गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. समुद्रात जहाजाची अँटेना २५ मीटरवर धरली तर तिच्या वाट्याचे साधारण २० किलोमीटर होतात, बाकी सगळं आपल्या उंचीवर.

आता सांगली. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर म्हणून कुणी गणित मांडलं तर ११५-१२० किलोमीटर येतात आणि वाटतं की थोडक्यात हुकतंय. कोकण किनारा सांगलीहून सरळ रेषेत १३५ किलोमीटरच्या आसपास. पण हे गणितच इथं लागू होत नाही, कारण सांगलीच्या चारी बाजूची जमीन पण तेवढ्याच उंचीवर आहे, त्यामुळे तुमची खरी उंची म्हणजे फक्त गच्ची आणि टाकी, आणि पश्चिमेला सह्याद्री उभा आहे तो वेगळाच. उंची तिथंच कामाला येते जिथं समोरची जमीन खाली पडते. म्हणून तुम्हाला कड्यावर जायला लागेल, आणि कडा म्हटलं की आपल्याकडे महाबळेश्वर.

तिथली उंची १३०० मीटर धरा, ४.१२ गुणिले ३६ म्हणजे १४८, त्यात जहाजाचे २०, असे जवळपास १७० किलोमीटर झाले. आणि समुद्र तिथून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवरच आहे. म्हणजे किनाऱ्याच्या पुढं अजून शंभरेक किलोमीटर समुद्र तुमच्या अँटेनासमोर उघडा पडतो. पश्चिमेकडं तोंड असलेला कुठला पण पॉइंट चालेल, मी बॉम्बे पॉइंटवरून केलंय आणि लॅपटॉप उघडल्या उघडल्या मेसेज यायला लागतात. हवा स्वच्छ असेल तर संध्याकाळी तिथून समुद्राची चमक डोळ्यांनाच दिसते, मग रेडिओला न दिसायला काय झालं.

कराड_एसडीआर

महाबळेश्वर लांब पडतंय की, कास पठार पण १२०० मीटरच्या आसपास आहे ना? साताऱ्यातून पाऊण-एक तासात पोचतो, तिथून होईल असं मला वाटतं. नाहीतर अजिंक्यताऱ्यावरून तरी?

आणि अजून एक, डक्टिंगचं काय? उन्हाळ्यात अरबी समुद्रावर डक्ट तयार होतं आणि व्हीएचएफ कुठल्या कुठं जातं असं वाचलंय. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत २०० मेगाहर्ट्झचं रडार होतं त्याला गरमीच्या दिवसात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी यायचे, हजार ते दीड हजार मैलांवरून. मग सांगली तर हाकेच्या अंतरावर आहे.

अजिंक्यतारा_रेडिओ

कासबद्दल बऱ्याच जणांना असं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. कास उंच आहे हे खरं, पण ते घाटाच्या शेवटच्या कड्यावर नाही. कासच्या पश्चिमेला खाली कोयनेचा जलाशय, बामणोली वगैरे, आणि त्याच्या पलीकडं परत वासोटा-नागेश्वरची रांग हजार-अकराशे मीटरपर्यंत चढते. हजार-बाराशे मीटर उंचीवरून समुद्राचं क्षितिज बघायचं तर नजर आडव्या रेषेच्या एक अंशभर खाली जावी लागते, आणि ती रांग नेमकी त्या एक अंशाच्या आत डोकं काढून उभी आहे. जिथं रांगेत खिंड आहे त्या दिशेनं थोडं काही मिळेल, शिवाय १६२ मेगाहर्ट्झ डोंगराच्या धारेवरून थोडंसं वाकतं पण, त्यामुळे एखाद-दुसरं जहाज कासवरून पण पडेल. पण भावासाठी एवढा खटाटोप करताय तर अर्धवट जागी कशाला जायचं. अजिंक्यताऱ्याला तर पश्चिमेला यवतेश्वर-कासचाच डोंगर आडवा आहे, तिथून सोडून द्या. वासोट्यावरून मस्त होईल पण ते जंगल खात्याच्या परवानगीचं काम आहे.

महाबळेश्वरात पण सगळी दिशा मोकळी नाही हे सांगून ठेवतो. बॉम्बे पॉइंटवरून प्रतापगडाचा त्रास होत नाही, तो पुरेसा खाली आहे, पण नैऋत्येला मकरंदगड बाराशेच्या वर जातो आणि तेवढा पट्टा झाकतो. जयगड साधारण त्याच बाजूला येतं. म्हणून बंदरात धक्क्याला लागलेलं जहाज महाबळेश्वरावरून मिळेलच असं धरून जाऊ नका, जहाज खोल समुद्रातून किनाऱ्याकडं येत असताना पकडा.

डक्टिंगचं तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, मुंबईच्या रडारची गोष्ट रेडिओवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. जमिनीवरून समुद्रावर आलेली कोरडी गरम हवा वर आणि पाण्यालगतची दमट हवा खाली, अशा थरात सिग्नल अडकतो आणि पाण्याच्या कडेकडेनं लांब जातो. पण तो थर समुद्राला चिकटून असतो, त्याचा फायदा रत्नागिरी-अलिबागच्या माणसाला. मधे सह्याद्रीची भिंत आली की घाटमाथ्याच्या अलीकडं त्यातलं फारसं काही पोचत नाही.

मिरज_जंक्शन

सांगलीवाल्या भावा, हिरमोड करून घेऊ नको, तोच डोंगल घरबसल्या विमानांना लाव. १०९० मेगाहर्ट्झ, एडीएस-बी, म्हणजे विमानांचं एआयएसच समज. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, वरचंच गणित लावलंस तर चारशे किलोमीटरपर्यंत जातं आणि तिथं आपला सपाट कृष्णाकाठ उलट फायद्याचा. मुंबई-बेंगळुरू, मुंबई-चेन्नईची विमानं दिवसभर पडतात. अँटेना म्हणजे ६.९ सेंटिमीटरची तार, बाकी काही नाही. महाबळेश्वरला जायच्या आधी सगळा सेटअप यावर घासून घे, डोंगल डीकोडिंग करतोय हे डोळ्यानं दिसलं की तिकडं डोंगरावर निम्मी शंका संपते.

सेकंड_ऑफिसर_वाळवा

मी स्वतः जहाजावर असतो, आत्ता सुट्टीवर गावी आलोय, म्हणून घरच्यांच्या बाजूनं चार गोष्टी लिहितो कारण माझ्या घरी पण हेच चालायचं.

पहिली गोष्ट, ठिपका थांबला म्हणजे जहाज थांबलं असं नसतं. किनाऱ्यावर कुणाची तरी अँटेना असते ती ऐकते आणि साइटवर टाकते, जहाज तिच्या टप्प्याबाहेर गेलं की साइटला काही कळत नाही. खोल समुद्रातलं फक्त उपग्रह ऐकतात आणि तो डेटा कंपन्या पैसे घेऊन विकतात. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅट-२ वर पण २०११ मध्ये एआयएसचा रिसीव्हर गेला होता. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांच्या वरच्या प्रत्येक जहाजाला एआयएस चालू ठेवणं सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सक्तीचं आहे, त्यामुळे सेट चालू असतोच, ऐकणारं कुणी नसतं एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काही भागात कॅप्टन सेट बंद करतो आणि नियमात तशी मुभा आहे, जहाजाच्या सुरक्षेला धोका वाटला तर करता येतं. एडनचं आखात, तांबडा समुद्र, सोमालियाची बाजू, तिथं हे होतं. आणि होर्मुझ-पर्शियन आखाताकडं जीपीएस जॅमिंग, म्हणजे सिग्नल दाबणं किंवा खोटे सिग्नल सोडणं असलं की जहाज जमिनीवर, विमानतळावर, कुठं पण दाखवतं, कारण एआयएस आपली जागा जीपीएसकडून घेतं, जीपीएसच चुकलं तर तेच पुढं पाठवणार. हे आईला आधीच सांगून ठेवा. ठिपका गायब झाला, उडी मारली, वाळवंटात गेला, तर त्याचा अर्थ अपघात असा काढायचा नाही. माझ्या बायकोला हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं आणि तिचे फार हाल झाले.

तिसरी, जहाज ओळखायचं नऊ आकडी एमएमएसआय नंबरवरून. पहिले तीन आकडे देशाचे, भारताचा ४१९. पण भावाचं जहाज परदेशी झेंड्याखाली असेल तर ४१९ शोधत बसाल आणि सापडणार नाही, मार्शल आयलंड्स असेल तर ५३८, लायबेरिया ६३६. भावाकडून पूर्ण नंबर घेऊन ठेवा. आणि जहाजाचं नाव तुम्ही इथं टाकलं नाही ते चांगलं केलं, टाकू पण नका.

आता माझं मत विचाराल तर जयगडला लागणार असेल तर महाबळेश्वरापेक्षा सरळ कोकणात उतरा. कोल्हापूर, आंबा घाट, आणि गणपतीपुळ्याच्या पुढं वीसेक किलोमीटरवर जयगड. किल्ल्याच्या बाजूला पठारावर ५०-६० मीटर उंची मिळाली तरी पन्नास किलोमीटरपर्यंतचं सगळं ऐकू येईल आणि त्या डब्यातल्या अँटेनावर येईल. आईला पण घेऊन जा, बल्क कॅरियर डोळ्यांनीच दिसतं. अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून थांबलं असेल तर दोन दिवस पण थांबतं. भावाला उतरायला मिळेलच असं नाही, शोअर पास (किनाऱ्यावर उतरायची परवानगी), एजंट, ड्यूटी हे सगळं जुळावं लागतं, त्यामुळे भेटीची आशा लावून आईला नेऊ नका, जहाज बघायला नेतोय म्हणून न्या.

विश्रामबाग_सांगली

एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. वाळव्याच्या दादांनी जे जॅमिंगचं लिहिलंय ते मी आईला वाचून दाखवलं, मागं एकदा ठिपका खरंच वाळवंटात गेला होता आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती.

ठरवलं असं की आधी विमानांवर सेटअप घासतो, मग एक रविवार महाबळेश्वर, आणि जहाज आलं की आईला घेऊन जयगड. आता अजिंक्यतारा काका, तुम्हाला विचारतो, डोंगरावर माझ्या लॅपटॉपची बॅटरी तासभर पण टिकत नाही, मोबाइलवर होतं का? आणि अँटेना कुठली नेऊ, विकत घेऊ का घरी करू? माझ्याकडं डिश टीव्हीची केबल पडून आहे ती चालेल का?

अजिंक्यतारा_रेडिओ

मोबाइलवर उत्तम होतं. एआयएस-कॅचरचं अँड्रॉइड ॲप आहे, ओटीजी केबल लावून डोंगल जोडायचा, नकाशा फोनवरच दिसतो. डोंगल तीनशे मिलीअँपिअरच्या आसपास खातो आणि गरम होतो, त्यामुळे फोन पूर्ण चार्ज करून न्या, आणि उन्हात डोंगल फोनला चिकटवून ठेवू नका, मध्ये वीतभर एक्स्टेन्शन टाका.

अँटेना घरीच करा, विकतची नको. १६२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी १.८५ मीटर, तिचा पाव भाग ४६ सेंटिमीटर, तारेसाठी थोडं कमी करून ४४. घराच्या वायरिंगची जाड तांब्याची तार घ्या, ४४ चे दोन तुकडे करा, एक केबलच्या मधल्या तारेला, दुसरा बाहेरच्या जाळीला. दोन्ही एका रेषेत उभे, एक वर एक खाली, पीव्हीसी पाइपला टेपनं बांधायचे. उभेच पाहिजेत, आडवे ठेवले तर बराच सिग्नल वाया जातो कारण जहाजाची अँटेना उभी असते. केबल अँटेनापासून हातभर तरी आडवी बाहेर काढा आणि मग खाली सोडा. डिशची केबल ७५ ओहमची असते आणि डोंगल ५० चा, पण या कामाला त्या फरकानं काही बिघडत नाही, उलट बारीक काळ्या केबलपेक्षा तिच्यात सिग्नल कमी गळतो. फक्त पाच मीटरच्या वर लांबी नेऊ नका, डोंगरावर तुम्ही अँटेनाच्या शेजारीच बसणार आहात.

आता निळ्या डोंगलचं एक दुखणं आहे ते नीट समजून घ्या कारण यात बरेच जण अडकतात. त्याच्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी पक्की नसते, ५० पीपीएम (दहा लाखांत पन्नास) चुकली तर १६२ मेगाहर्ट्झवर ८ किलोहर्ट्झ बाजूला सरकतं, आणि एआयएसचा आख्खा चॅनेल २५ किलोहर्ट्झचा. म्हणजे सिग्नल समोर असून डीकोड होणार नाही. टीसीएक्सओवाल्या, म्हणजे तापमानानं न सरकणाऱ्या क्रिस्टलच्या डोंगलला ही कटकट नाही, तो एक पीपीएमच्या आत असतो, पण नवीन घ्यायची गरज नाही, पीपीएम मोजून सेटिंगमध्ये टाकलं की झालं. सांगलीत बसून एसडीआर शार्पवर ज्या स्टेशनची फ्रिक्वेन्सी माहीत आहे असं एखादं पकडा, किती बाजूला दिसतंय बघा आणि त्यावरून पीपीएम काढा. डोंगल दहा-पंधरा मिनिटं गरम झाल्यावर मोजायचं, थंड असताना आकडा वेगळा येतो.

गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो ते, आधी ऑटोवर ठेवा. महाबळेश्वरात मोबाइलचे टॉवर आहेत, सगळं एकदम आत घुसलं की आठ बिटचा हा डोंगल भांबावतो, मेसेज कमी वाटले तर गेन हातानं खाली आणा, वाढवू नका. ॲम्प्लिफायर वगैरे तर अजिबात घेऊन येऊ नका.

आणि उंचावर एक गोष्ट होते तिची तयारी ठेवा. एआयएसमध्ये प्रत्येक चॅनेलवर मिनिटाचे २२५० स्लॉट असतात आणि जवळची जहाजं एकमेकांचं ऐकून आपापला स्लॉट धरतात, बाजार समितीत टोकन घेतात तसं. पण मुंबईच्या बाजूचं जहाज आणि रत्नागिरीच्या बाजूचं जहाज एकमेकांना ऐकत नाहीत, दोघं तोच स्लॉट वापरतात आणि वरून तुम्हाला दोन्ही एकदम येतात, मग दोन्ही खराब. त्यामुळे बरेच मेसेज गळतात, ते डोंगलचं किंवा तुमच्या अँटेनाचं काही नाही. चालतं जहाज दर काही सेकंदाला बोलतं म्हणून थोड्या वेळात सगळी नकाशावर येतात. नांगर टाकलेलं जहाज तीन मिनिटांनी एकदा बोलतं, आणि नाव, कुठं चाललंय ही माहिती सहा मिनिटांनी एकदा येते, तोवर नुसता नंबर दिसतो, म्हणून भावाचा एमएमएसआय जवळ पाहिजेच. मासेमारीच्या लहान होड्या बऱ्याचशा दिसणार नाहीत, त्यांच्यावरचं इस्रोचं ट्रान्सपॉन्डर उपग्रहाशी बोलतं, एआयएसवर नाही.

पावसाळ्यात जाऊ नका, ढगात काही दिसणार नाही आणि डोंगलमध्ये पाणी जाईल. भावाला एवढं विचारून घ्या की कोळसा कुठून आणतोय, आफ्रिकेकडून असेल तर नैऋत्येच्या खोल समुद्रातून येईल आणि मकरंदगडाच्या आडोशाबाहेर असेल तर महाबळेश्वरावरून पोचायच्या काही तास आधी मिळू शकेल, इंडोनेशियाकडून असेल तर श्रीलंकेला वळसा घालून दक्षिणेकडून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर येईल, मग महाबळेश्वर सोडा आणि थेट जयगड गाठा.

विश्रामबाग_सांगली

भावाला मेसेज टाकला, रिचर्ड्स बे म्हणतोय, दक्षिण आफ्रिका. तार आणि पाइप आज आणतो. डिशच्या केबलला एफ कनेक्टर आहे आणि डोंगलला बारीक एमसीएक्स, ते जोडायला काय घ्यायचं?

मिरज_जंक्शन

एमसीएक्स ते एफ अशी हातभर पिगटेल (जोडायची छोटी केबल) मिळते, ऑनलाइन मागव. माझ्याकडं एक जास्तीची आहे, मिरज स्टेशनबाहेर येऊन घेऊन जा, मेसेज कर.